डीव्हीआर सुरूच होत नाही? आधी अडॅप्टर बघा
दुकानदाराचा फोन येतो, "डीव्हीआर मेला." म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा. बहुतेक वेळा मेलेला असतो अडॅप्टर.

दिवाच लागत नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. हसू नका, मी एकदा भर पावसात गेलो आणि बोर्डाचं बटणच बंद होतं. मग अडॅप्टरच्या पिनवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र): १२ व्होल्ट हवेत. पण एवढ्यावर फसायचं नाही. आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगलेला असला की अडॅप्टर मोकळा असताना १२ दाखवतो, डीव्हीआरचा लोड आला की बसतो. मग दिवा लागतो, हार्ड डिस्क 'टक्' करते, लोगो येतो, पुन्हा पहिल्यापासून.

अशा वेळी वीज काढा, झाकण खोला (वॉरंटी संपली असेल तरच), डिस्कच्या दोन्ही केबल काढून चालू करा. कॅमेरे दिसले? बोर्ड ठणठणीत आहे. डिस्क फिरायला लागतानाच सर्वांत जास्त करंट ओढते, म्हणून आता १२ व्होल्टचाच, पण तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून डिस्क परत जोडा. तरीही लोगोवरच अडकला तर संशय डिस्कवर. फॉरमॅटला मात्र हो म्हणू नका, जुनं रेकॉर्डिंग तिच्यातच आहे.

झाकण उघडलंच आहे तर झुरळंही झटका. गल्ल्याखालच्या डीव्हीआरमध्ये हमखास असतात.