बॉक्स भरताना जागा आणि पैसे दोन्ही वाचवायचे तर

आधी बॉक्स घेऊ नका, आधी माल टेबलावर मांडा आणि मग त्याला बसेल असा बॉक्स शोधा, कारण बऱ्याच कुरिअरवाल्या कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात आणि येईल ते किलो आणि खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. म्हणजे ४०×३०×३० चा बॉक्स, आत माल दोनच किलोचा, तरी बिल ७.२ किलोचं. तोच माल ३०×२५×२० मध्ये बसला तर ३ किलो. केवढा फरक पडतो बघा!

जड वस्तू तळाला, मधोमध. हलक्या वर. पोकळ भांडी, मग वगैरे असतील तर त्यांच्या आतली जागा वाया घालवू नका, छोट्या वस्तू कागदात गुंडाळून आत सरकवा. काचेच्या प्लेटा मात्र आडव्या रचू नका, प्रत्येक वेगळी गुंडाळून उभ्या ठेवा, वरचा दाब उभी प्लेट जास्त सोसते. नाजूक मालाला चारी बाजूंनी, वर आणि खाली साधारण ५ सेंमी कुशन हवंच, इथे कंजुषी नको.

बंद करायच्या आधी झाकण दाबून बॉक्स हलवा, खडखड आली तर अजून कागद कोंबा. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी एच सारखी, खालूनही तशीच.