सुट्टीला समुद्रावर जाताय? निदान या चुका टाळा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की अलिबागकडच्या नागाव, आक्षी, काशीदला मित्रांच्या टोळ्या उतरतात आणि दरवेळी त्याच चुका करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गाडी वाळूत घालणं. मागे एका २६ जानेवारीला नागावला पोरांनी फोटोसाठी नवी गाडी थेट पाण्याच्या कडेला नेली. ओहोटी होती, ओली वाळू टणक वाटत होती. दुपारी एकच्या सुमाराला भरतीचं पाणी खालून मुरायला लागलं आणि चाकं बसली. मग एकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला. चाक जितकं फिरतं तितकं खाली जातं, हे किनाऱ्यावरचा कोणीही सांगेल. शेजारचे ट्रॅक्टरवाले ओरडत होते, "दादा, रेटू नका, गाडी बंद करा!" पोरं ऐकेनात. दोर बांधेपर्यंत पाणी दाराच्या वर गेलं होतं. गाडी निघाली, पण खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेल्यावर ती निघून उपयोग काय? गाडी सुरूच्या बनामागे लावा आणि चार पावलं चाला.

भरती कधी, हे न बघता निघणं ही याच चुकीची आई. मी घरातून निघण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटेची आणि दुपारची, दोन्ही भरत्या त्याच सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी भराभर आणि खूप वर येतं. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावं, कारण उशीर झाला की परतीची वाट पाण्याखाली जाते. मोबाईलवर तक्ता मिळतो, तोही बघा. पण "पोचल्यावर बघू" म्हणणाऱ्यांबरोबर मी समुद्रावर जात नाही.

१५ ऑगस्टला पाण्यात उतरूच नका. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, तरी कितीतरी कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात आणि स्विमिंग पूलमध्ये शिकलेला मित्र कमरेइतक्या पाण्यात उड्या मारतो! काशीदला तर तळ पटकन खोल होतो, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा. बुडणाऱ्यामागे सगळ्यांनी उड्या घेऊ नयेत. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन दोर बांधून फेका. आमच्या गाडीत तो कायम असतो. आणि न पोहणाऱ्याला "घाबरतोस काय" म्हणून चिडवून आत ओढणं मला अजिबात खपत नाही.

दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना हाताला धरून बाहेर काढा.

काचेच्या बाटल्या वाळूत सोडू नका. तिथे अनवाणी पोरं खेळतात.

जेवण सकाळीच सांगून ठेवा. घरगुती खानावळीत माणसं मोजून मासळी आणतात. दोन वाजता दहा जण दारात उभे राहून मालकिणीवर आवाज चढवतात, ते बघवत नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी कळवा.

परतताना मुंबईच्या वाटेवरची वडखळची वाहतूक कोंडी टाळायची तर दुपारी तीनच्या आत निघा, नाहीतर सरळ मुक्काम करून पहाटे.