अस्वस्थ करणाऱ्या अतिवास्तव कादंबरीवर वाचकांचे अभिप्राय कसे घ्यावेत

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातील वाचक मंडळाने एखादे आत्मचरित्र किंवा गावाकडची कादंबरी चर्चेला घेतली, तर बैठक चालवणाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही, कारण वाचक त्यातली माणसे ओळखतात आणि आपणहून बोलू लागतात. ज्या कादंबरीत घराच्या भिंती श्वास घेतात, मेलेली माणसे पंगतीला येऊन बसतात आणि हे स्वप्न होते की भास होता याचा खुलासा लेखक शेवटच्या पानापर्यंत करत नाही, अशी अतिवास्तव कादंबरी घेतली की मात्र एक तर सगळे गप्प बसतात किंवा पहिलाच बोलणारा ‘हे सगळे प्रतीकात्मक आहे’ असे सांगून विषय मिटवून टाकतो. दोन्ही टाळायचे असेल, तर वाचताना तुम्हाला काय झाले हे आधी विचारावे आणि कादंबरीचा अर्थ नंतर, शक्यतो वेगळ्या बैठकीत, चर्चेला घ्यावा. पुढे सांगितलेली सगळी पद्धत हा क्रम सांभाळण्यासाठी आहे.

पुस्तक जाहीर करण्यापूर्वी बैठक चालवणाऱ्याने ते स्वतः पूर्ण वाचलेले असावे. मराठवाड्यात नापिकी, कर्ज आणि त्यातून झालेल्या आत्महत्या या गोष्टी अनेक घरांनी सोसलेल्या आहेत, आणि कोणत्या वाचकाच्या घरी काय घडले आहे हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. म्हणून गळफास, मुलांवरील किंवा लैंगिक अत्याचार, शरीराची विटंबना असे प्रसंग कोणत्या प्रकरणांत येतात, एवढी माहिती कथानक न फोडता आधीच द्यावी आणि ती पाने वगळून वाचण्याची मोकळीक आहे हेही सांगावे. अशा सूचनेने वाचनातली गंमत जाते, असा आक्षेप हमखास येतो. मला तो पटत नाही. चांगल्या अतिवास्तव लेखनाचा परिणाम केवळ धक्क्यावर उभा नसतो, आणि ज्याचा असतो ते पुस्तक मंडळासाठी निवडूच नये. मानसिक आरोग्यासाठी असलेला टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनेखाली लिहून ठेवावा.

प्रती बहुधा एक-दोनच मिळतात, त्यामुळे त्या फिरवण्यासाठी पुरेसा वेळ राखून तारीख ठरवावी. पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर घालून मलपृष्ठावरचा मजकूर झाकावा आणि प्रस्तावना शेवटी वाचायला सांगावी. यामागे कारण आहे. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून चांगले शिकलेले वाचकही किती वेळा ठरीव, आधीच तयार असलेल्या प्रतिक्रियांवर विसंबतात हे समोर आले. मलपृष्ठावर ‘सत्तेच्या अमानुषतेचे भेदक रूपक’ असे छापलेले असेल, तर निम्मे वाचक तेच वाक्य थोडे फिरवून आपल्यासमोर ठेवतील.

प्रत्येक प्रतीत काही कोऱ्या चिठ्ठ्या ठेवाव्यात. जिथे वाचक थबकला, तिथेच त्याने पानाचा क्रमांक, त्या क्षणी काय वाटले आणि नंतर वाचन चालू ठेवले की पुस्तक मिटले, एवढे लिहावे. ‘आवडली’ किंवा ‘नावडली’ हा रकाना ठेवू नये. तो ठेवला की बाकीचे काहीच लिहिले जात नाही. भाषा ज्याची त्याने वापरावी. ‘डोकं गरगराया लागलं, काय चाललंय तेच कळंना’ अशी चिठ्ठी आली, तर बैठकीत वाचताना तिचे प्रमाण मराठीत रूपांतर करून तिची धार घालवू नये. लिहिण्याचा सराव नसलेल्यांकडून तोंडी ऐकून दुसऱ्याने लिहून घेतले तरी चालते.

चिठ्ठ्या जमल्यावर त्या कशा लावायच्या, हा खरा कौशल्याचा भाग आहे. ‘भयंकर’, ‘विचित्र’, ‘किळसवाणे’ हे शब्द वाचक सरमिसळ वापरतात, पण त्यांमागचे अनुभव वेगळे असतात. यासाठी आपल्याकडची जुनी रसव्यवस्था आजही उत्तम उपयोगी पडते. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायी भाव, म्हणजे त्यामागची मूळ भावना, जुगुप्सा (किळस), भयानकाचा भय आणि अद्भुताचा विस्मय असा सांगितला आहे. चिठ्ठ्यांचे याप्रमाणे तीन ढीग करावेत आणि मग ढिगांपेक्षा त्यांच्या सीमेवरच्या चिठ्ठ्यांकडे अधिक लक्ष द्यावे. बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो असे भरत म्हणतो. कादंबरीत मात्र वाचकाला आधी किळस येते आणि दोन पानांनंतर त्याच वर्णनाचे नवल वाटू लागते असेही घडते. त्याला नेमक्या कोणत्या वाक्यापाशी हा बदल जाणवला, हे विचारावे. एखाद्याला भीतीच्या जागी हसू आले असेल, तर तेही तितक्याच गांभीर्याने नोंदवावे, कारण असह्य प्रसंगात हसू येणे ही अशा लेखनाला मिळणारी अगदी प्रामाणिक दाद असू शकते.

कादंबरीतल्या विचित्र प्राण्याचे किंवा जागेचे चित्र बैठकीत दाखवू नये. हल्ली मोबाइलवर असे चित्र क्षणात तयार होते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. माणसाचा किडा होतो त्या आपल्या कथेच्या मुखपृष्ठावर तो किडा काढू नये, अगदी दुरूनही दाखवू नये, असे फ्रान्झ काफ्काने १९१५ मध्ये प्रकाशकाला कळवले होते. प्रत्येकाच्या मनात उभी राहिलेली आकृती वेगळी असते आणि तिचे वर्णन करायला लावले, की शांत बसलेले वाचकही बोलते होतात.

अर्थाची घाई करणाऱ्यांना आवरणे हे आपल्या भागात विशेष अवघड आहे, आणि त्याचे कारण आपल्या श्रीमंतीतच आहे. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानदेवांनी काट्याच्या अणीवर तीन गावे वसवली आणि मुक्ताबाईंच्या मुंगीने आकाशात उडून सूर्य गिळला, हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. त्यामुळे अशक्य प्रतिमा ऐकून आपला वाचक बिचकत नाही, ही मोठी सोय आहे. परंतु कूट अभंगापाठोपाठ कीर्तनकाराचे निरूपण येते आणि प्रत्येक प्रतिमेची उकल होते, ही सवयही तिथेच लागते. अतिवास्तव कादंबरीतील प्रतिमांना अशी एकास एक उकल बहुधा नसते. श्वास घेणारी भिंत म्हणजे हुकूमशाही, असे कोणी ठामपणे सांगू लागले, तर खोडून न काढता एवढेच विचारावे की हे वाचता वाचता जाणवले की पुस्तक मिटल्यावर सुचले. उत्तर काहीही असो, दोहोंमधील अंतर सगळ्यांच्या लक्षात येते.

याउलट काही वाचकांना अशी कादंबरी मुळीच अद्भुत वाटत नाही. घर माणसांना गिळते, असे वर्णन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या माळवदाखालून बाहेर निघालेल्या माणसाने वाचले, तर तो त्याला कल्पनाविलास कसा म्हणेल? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या लातूरकरांनी प्यायले, त्यांना पाणी वाहून नेणाऱ्या अंतहीन गाडीचे स्वप्न ओळखीचेच वाटेल. अशी आठवण निघाली की बैठक तिच्याकडे वळते, आणि ती थोडा वेळ वळू द्यावी. नंतर त्याच वाचकाला पुन्हा पुस्तकाकडे आणून लेखकाचे वर्णन कुठे खरे उतरले आणि कुठे ते नुसते सजवलेले वाटले, असे विचारावे. ज्याने प्रत्यक्ष सोसले आहे त्याचा हा निवाडा कोणत्याही समीक्षकापेक्षा मोलाचा असतो. मात्र तो मागताना आग्रह करू नये, आणि कोणी उठून बाहेर गेले तर चर्चा थांबवून सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधू नये.

पुस्तक अर्धवट सोडणाऱ्यांनाही बैठकीला आवर्जून बोलवावे. ते सहसा संकोचाने येत नाहीत. त्यांनी कोणत्या पानावर वाचन थांबवले, हे पूर्ण वाचणाऱ्यांच्या त्याच पानावरील चिठ्ठ्यांशेजारी मांडावे. तीन-चार जण एकाच प्रकरणात थांबले असतील, तर ते प्रकरण मोठ्याने वाचून घ्यावे. लेखकाने वाचकाला तिथे उगीच छळले आहे की थांबलेल्यांना त्याने अचूक गाठले आहे, या प्रश्नावर मंडळात दोन तट पडतात, आणि दुसरी, म्हणजे अर्थाची, बैठक याच प्रश्नाने सुरू करावी.