सेस्नाचं नाक ऑटोपायलटच्या हाती देताना : व्हीएस की एफएलसी?

सिम्युलेटरवर ऑटोपायलट शिकवणारे व्हिडिओ बघितले की माझं डोकं फिरतं. ज्याला त्याला एकच पाठ आहे, उंची टाका, व्हीएस दाबा, सातशे सेट करा आणि आता निवांत चहा घ्या. चहा घेऊन परत येईपर्यंत विमानाचं काय झालेलं असतं ते कोणी दाखवत नाही. मी हे सगळं स्वतः भोगलंय म्हणून चढताना व्हीएस (चढण्याचा दर धरणारं बटण) वापरायचं की एफएलसी (स्पीड धरणारं बटण) ते एकदा नीट लिहून टाकतो.

विमान घेऊ सेस्ना १७२, काचेच्या पडद्यांवालं म्हणजे जी१००० असलेलं, ऑटोपायलट जीएफसी ७००. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये पण हे आहे आणि एक्स-प्लेनमध्ये पण, बटणांची नावं दोन्हीकडे तीच. इंजिन चालू करणं, टॅक्सी, टेकऑफ हे येतं असं धरून चालतो, येत नसेल तर आधी आठवडाभर हाताने उडवा, ऑटोपायलट कुठे पळून जात नाही.

मार्ग माझा नेहमीचा, जुहू ते पुणे. पूर्वेकडे जाताना विषम हजार अधिक पाचशे हा नियम, म्हणून ७५०० फूट, घाटाच्या वरून आरामात जातं. (खऱ्यात सांताक्रूझच्या शेजारून असं उठून कोणी जाऊ देणार नाही आणि लोहगाव तर हवाई दलाचा तळ, पण घरच्या सिममध्ये कोण विचारतोय.)

जमिनीवर असतानाच उंचीच्या नॉबवर ७५०० टाका आणि हेडिंगचा खुणेचा बाण रनवेच्या दिशेला लावून ठेवा. टेकऑफ घ्या, साधारण ८००-१००० फुटांपर्यंत हातानेच चढा, ट्रिम (स्टिकवर जोर न लावता नाक जागेवर राहावं म्हणून असलेलं चाक) नीट करा, मग हेडिंग (दिशा धरणारं बटण) आणि एपी (ऑटोपायलटचं बटण) दाबा.

आता इथे थांबा आणि पडद्याच्या वरच्या पट्टीकडे बघा. हिरव्या अक्षरात जे असतं ते आत्ता चालू आहे, पांढऱ्यात जे असतं ते तयारीत बसलंय. नुसतं एपी दाबलं तर उभ्या दिशेसाठी हिरव्यात पीआयटी येतं, म्हणजे पिच होल्ड. दाबलं त्या क्षणी नाक जेवढं वर होतं तेवढंच धरून ठेवायचं, बाकी स्पीड काय, चढतोय की नाही, त्याला काही देणंघेणं नाही. नोज अप आणि नोज डाऊन बटणांनी दर दाबाला अर्धा अंश नाक हलतं. सात-आठ अंशांवर दोन मिनिटं चालतं, फार काळ या मोडमध्ये राहू नका. शेजारी पांढऱ्यात एएलटीएस दिसायला हवं, म्हणजे ७५०० आलं की पकडायचं हे त्याच्या लक्षात आहे.

एएलटी, म्हणजे उंचीच्या बटणाला आत्ता हात लावू नका! ही चूक सगळे करतात आणि त्यात त्यांचा दोष पण नाही. २००६ च्या एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्टचाच जुना सिम) बऱ्याच विमानांत उंची टाकून एएलटी दाबलं की विमान आपणहून त्या उंचीला चढायला लागायचं, आणि त्या काळातला सल्ला अजून फिरतोय. जीएफसी ७०० वर एएलटी म्हणजे "आहेस तिथेच थांब". ११०० फुटांवर दाबलं तर ११०० लाच सरळ होणार, वर नॉबवर ७५०० लिहिलेलं असू दे नाहीतर सत्तर हजार. लोक मग म्हणतात ऑटोपायलट बिघडलाय. बिघडलेला नाही, तुम्ही सांगितलं तेच करतोय.

आता खरी गंमत. चढायचं कशाने?

व्हीएस म्हणजे व्हर्टिकल स्पीड, मिनिटाला किती फूट. तुम्ही ७०० टाकलं की ऑटोपायलट नाक वर-खाली करून काहीही झालं तरी ७०० काढायचा प्रयत्न करतो. पण या विमानात ऑटोथ्रॉटल नाही, म्हणजे ताकद किती द्यायची ते त्याच्या हातात नाहीच, ते तुमच्या हातात, आणि चढताना थ्रॉटल आधीच पूर्ण आत असतो. समुद्रसपाटीला १७२ एस पूर्ण वजनाने जेमतेम सातशेच्या आसपास चढतं, कंपनीचाच कमाल आकडा ७३० आहे. जसं वर जाल तशी हवा विरळ, इंजिनाचा दम कमी, सात-आठ हजारांवर तो दर निम्म्याच्या जवळ येतो, गरम हवेत तर अजून कमी. मग ऑटोपायलट ७०० कुठून आणणार? एकच जागा उरते, स्पीड. नाक थोडं वर, स्पीड थोडा कमी, परत नाक वर, परत स्पीड कमी. सगळं इतकं हळू होतं की कळत नाही.

माझं झालं ते असंच. रात्री दीडला खोपोलीच्या वर कुठेतरी होतो, व्हीएस ७००, मी दुसऱ्या खिडकीत नकाशा उघडून पुण्याची फ्रिक्वेन्सी शोधत बसलेलो. पिपाणी वाजायला लागली. १७२ ची स्टॉलची (नाक फार वर, स्पीड फार कमी होऊन पंखाची उचल जाण्याची) सूचना खरंच पिपाणीच आहे, पंखाला एक भोक आणि आत पत्ती, हवा खेचली गेली की वाजते. आई आतून ओरडली, गॅसवर काय ठेवलंयस? बघतो तर स्पीड ५२, नाक आकाशात. मी घाबरून एपी बंद केलं आणि झालं उलटंच, कारण एवढा वेळ नाक वर धरण्यासाठी ऑटोपायलटने ट्रिम मागे मागे फिरवत नेला होता, तो तसाच राहिला, मी सोडल्याबरोबर नाक अजून वर गेलं, डावा पंख पडला आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात घाटातलं जंगल फार जवळून बघितलं.

तेव्हा पिपाणी वाजली तर एपी बंद करताना दुसऱ्या हाताने स्टिक आधीच पुढे दाबलेली असू द्या, जोर लागतो, लागू दे, नाक क्षितिजाच्या खाली न्या, पंख सरळ करा, स्पीड ७० च्या वर आला की मग ट्रिम पुढे आणा. एपी चालू ठेवून व्हीएसचा आकडा कमी करत बसू नका, तेवढा वेळ नसतो.

आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून एफएलसी, म्हणजे फ्लाइट लेव्हल चेंज. यात उलटं आहे, तुम्ही स्पीड सांगायचा, नाक तो स्पीड धरतं, आणि चढण्याचा दर जो काय मिळेल तो मिळेल. खाली ७०० मिळेल, वर ३०० मिळेल, पण स्पीड ८० म्हणजे ८०. इंजिन दमलं तर चढण मंदावते एवढंच. नाक एकच आहे राव, ते एकतर दर सांभाळेल नाहीतर स्पीड, आणि एकट्या इंजिनाच्या विमानात चढताना मला स्पीड पाहिजे, दर गेला खड्ड्यात. म्हणून माझं ठाम मत, १७२ मध्ये वर जाताना एफएलसी, व्हीएस फक्त खाली येताना. ज्यांना पटत नाही त्यांनी ७५०० ला व्हीएस ७०० टाकून स्वतः बघा.

एफएलसीत दोन खाचा आहेत. दाबलं त्या क्षणी जो स्पीड असेल तोच तो धरतो, म्हणजे टेकऑफनंतर ६५ ला लटकत असताना दाबलंत तर ६५ च धरून बसेल. आधी नाक जरा खाली घेऊन ८० होऊ द्या, मग दाबा. ७४ हा सगळ्यात जलद चढण्याचा स्पीड आहे, पण मी ८०-८५ ठेवतो, इंजिनाला हवा लागते आणि समोरचं दिसतं पण. दुसरी खाच, नोज अप दाबलं की स्पीडचा आकडा कमी होतो, एका दाबाला एक नॉट. पहिल्यांदा हे डोक्यात उलटंच बसतं, अप म्हणजे वाढणार असं वाटतं, पण बटणावर नाक लिहिलंय, स्पीड नाही. व्हीएसमध्ये हीच बटणं १०० फुटांच्या पायरीने चालतात. उन्हाळ्याच्या दुपारी लाइव्ह वेदर लावून घाटावर गेलात तर एफएलसी नाक वर-खाली हुंदडायला लागतं, तेव्हा थोडा वेळ पीआयटीवर जा आणि स्पीडवर डोळा ठेवा.

३००० च्या वर मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) थोडं लीन करा, म्हणजे इंधन कमी करा, नाहीतर आहे ती ताकद पण वाया.

७५०० जवळ आलं की एएलटीएस पांढऱ्याचं हिरवं होऊन लुकलुकतं, नाक हळूच खाली यायला लागतं. या दहा-पंधरा सेकंदांत उंचीच्या नॉबला शिवायचं नाही. मी एकदा "चला पुढची उंची टाकून ठेवू" म्हणून फिरवला, ऑटोपायलटने पकडणं सोडलं आणि परत पीआयटीवर गेला, म्हणजे त्या क्षणी नाक जसं होतं तसं, आणि मी शांतपणे ७८०० पार करून गेलो. हिरव्यात साधं एएलटी आलं की मग काय ते फिरवा. थ्रॉटल मागे घ्यायला विसरू नका, ते काम तुमचंच.

उतरणं सोपं आहे, गणित केलं तर. पुण्याची धावपट्टी १९४२ फुटांवर, म्हणून मी ३००० ला सरळ होतो. ७५०० वजा ३००० म्हणजे ४५०० फूट, मिनिटाला ५०० ने नऊ मिनिटं, १२० नॉटला मिनिटाला दोन सागरी मैल, म्हणजे अठरा मैल आधी सुरुवात. मी वीस धरतो. आधी नॉबवर ३०००, मग व्हीएस, मग नोज डाऊन पाच वेळा. पांढऱ्यात एएलटीएस आहे ना बघा, नसेल तर तो जमिनीपर्यंत ५०० नेच जात राहील. थ्रॉटल तसाच ठेवलात तर स्पीड १२९ च्या पुढे पट्टीवरच्या पिवळ्या, सावधगिरीच्या भागात जातो, दोन-तीनशे आरपीएम कमी करा. इथे एफएलसी का नको, तर ताकद कमी केल्याशिवाय दाबलं तर विमान खाली यायचं नाव घेत नाही, कारण स्पीड तर आहे तेवढाच आहे, नाक खाली करायचं कशाला?

हार्डवेअरचं एक सांगायलाच हवं. काही विमानांत जॉयस्टिक जरा थरथरली की ऑटोपायलट सुटतो, जुन्या स्टिकचे पॉट (आतले हालचाल मोजणारे भाग) खराब झाले की आकडे आपोआप नाचतात, त्यामुळे सेटिंगमध्ये थोडा डेड झोन द्या, म्हणजे मधली बारीक हालचाल धरली जात नाही. आणि वेगळं ट्रिम व्हील घेतलं असेल तर ते अक्ष म्हणून जोडू नका, पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारी-घटणारी बटणं म्हणून जोडा. अक्ष म्हणून जोडलं की आत ऑटोपायलट ट्रिम एकीकडे नेतो, तुमचं चाक टेबलावर दुसरीकडेच असतं, आणि एपी सोडून चाकाला बोट लागलं की ट्रिम एका झटक्यात चाक असेल तिथे उडी मारतो. याच्यापायी मी दोन आठवडे सिमला शिव्या दिल्यात.

मोठ्या विमानांवर गेलात तरी गोष्ट हीच. ७३७ मध्ये एफएलसीच्या जागी लेव्हल चेंज, आणि व्हीएसच्या चाकावर डाऊन वर लिहिलंय नि अप खाली, नाक ढकलल्यासारखं फिरवायचं. ऑटोथ्रॉटल असतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण इंजिन पूर्ण ताकदीला पोचलं की तो तरी काय देणार. ११ नोव्हेंबर १९७९ ला एरोमेक्सिकोचं डीसी-१० लक्झेंबर्गवर चढत असताना असंच स्टॉल झालं, ऑटोपायलट स्पीडऐवजी व्हर्टिकल स्पीडवर राहिला होता, शेपटीवरच्या बाहेरच्या एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या फळ्यांची) टोकं तुटून पडली, तरी विमान मायामीपर्यंत नेलं. आणि एअरबस उडवणार असाल तर व्हीएस आणि एफपीए, म्हणजे उतरण्याचा कोन, एकाच नॉबवर आहेत हे लक्षात ठेवा. २० जानेवारी १९९२ ला स्ट्रासबर्गजवळ ए३२० डोंगरावर आदळलं, ९६ पैकी ८७ जण गेले, ३.३ अंशांच्या जागी मिनिटाला ३३०० फूट उतरण्याचा हुकूम गेला असावा हे चौकशीतलं सगळ्यात संभाव्य कारण. त्यानंतर तिथला आकड्यांचा डिस्प्ले बदलला. आपण घरी खुर्चीत बसून तीच चूक करतो आणि रीस्टार्ट दाबतो.

३००० ला सरळ झालात, धावपट्टी दिसली, की ऑटोपायलटला सुट्टी. आधी स्पीड ९० वर आणा आणि अर्धा मिनिट तसंच जाऊ द्या म्हणजे ट्रिम स्थिरावतो, स्टिक हातात घट्ट धरा, मग एपी दाबा. या क्रमाने केलं तर नाक बोटभरसुद्धा हलत नाही. हललं तर स्पीड बसायच्या आधीच दाबलंय तुम्ही.