न पडणारा मुतखडा: वाट किती पाहावी आणि कशी पाहावी

कोल्हापुरात मार्च महिना उजाडला की ओळखीपाळखीत कोणाला तरी मुतखड्याची कळ आल्याचे कानावर येऊ लागते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमध्ये भट्टीसमोर पाळी करणाऱ्यांच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी कमी आणि दाट होते, आणि तिच्यात विरघळलेले क्षार एकत्र येऊन खडा धरतो. यांपैकी बरेच खडे आठ-पंधरा दिवसांत पडून जातात. पुढील मजकूर ज्यांचा खडा पडत नाही त्यांच्यासाठी आहे. माझा स्वतःचा खडा ६ मिलिमीटरचा होता आणि सात आठवडे तो जागचा हलला नाही. त्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे कळ थांबताच खडा पडला असे मी धरून चाललो.

ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते, म्हणून तिचे कारण आधी समजून घ्यावे. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी मूत्रवाहिनी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते आणि तीन ठिकाणी ती अरुंद होते: मूत्रपिंडातून बाहेर पडताना, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरताना. खडा यांपैकी एखाद्या ठिकाणी अडकला की त्याच्या मागे लघवी तुंबते, नळी आणि मूत्रपिंड ताणले जातात, आणि कुशीतून जांघेकडे उतरणारी ती जीवघेणी कळ या ताणाची असते. काही दिवसांनी त्या बाजूचे मूत्रपिंड लघवी कमी तयार करू लागते, ताण उतरतो आणि कळ शमते. खडा मात्र तिथेच बसलेला असतो. मला नवव्या दिवशी आराम पडला, आणि पाचव्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीत खडा होता तिथेच आणि डावे मूत्रपिंड आधीपेक्षा अधिक सुजलेले दिसले. मधल्या दिवसांत दुखले नव्हते, एवढाच काय तो फरक.

म्हणून पहिले काम रिपोर्ट नीट वाचण्याचे. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: खड्याचा आकार, त्याची जागा आणि मूत्रपिंडाची सूज, जिला रिपोर्टात हायड्रोनेफ्रोसिस म्हटलेले असते. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनांपैकी साधारण दोघांचे आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याहून मोठ्या खड्याची आशा धरू नये. जागेलाही तितकेच महत्त्व आहे. 'व्हीयूजे' असे लिहिले असेल तर खडा मूत्राशयाच्या दाराशी आलेला आहे आणि त्याची पडण्याची शक्यता वरच्या भागातल्या खड्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. सोनोग्राफीला जाताना लघवी तुंबवून जावे, कारण मूत्राशय भरलेले नसेल तर दाराशी असलेला खडा दिसत नाही. माझ्या पहिल्या तपासणीच्या वेळी हे मला कोणी सांगितले नाही, आणि 'खडा दिसत नाही' या एका ओळीवर मी दहा दिवस निर्धास्त राहिलो. नळीच्या मधल्या भागातला खडा तर सोनोग्राफीत सहसा सापडतच नाही. शंका असल्यास डॉक्टर साधा सीटी स्कॅन सांगतात, ज्यात औषध टोचावे लागत नाही. एक्स-रेवर सर्वस्वी विसंबू नये, कारण यूरिक आम्लाचे खडे त्यात उमटत नाहीत.

यानंतर वाट पाहण्याची मुदत ठरवावी. ताप नसेल, दुसरे मूत्रपिंड ठीक असेल, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारे द्रव्य) वाढलेले नसेल आणि दुखणे गोळ्यांनी आटोक्यात राहत असेल, तर डॉक्टर चार ते सहा आठवडे थांबू देतात. मात्र ही मुदत पहिल्या कळेपासून मोजायची असते, शेवटच्या कळेपासून नव्हे. आणि मधे किमान एकदा, साधारण दोन आठवड्यांनी, पुन्हा तपासणी करून सूज वाढते आहे का ते पाहायचे असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवावी, कारण दुखणे थांबले की तपासणीचा खर्च वायफळ वाटू लागतो, हे मी अनुभवावरून सांगतो.

कळ आल्यावर डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी वेदनाशामके सर्वांत चांगली लागू पडतात. ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेतच घ्यावीत, कारण ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, ज्यांना पोटात अल्सर किंवा हृदयविकार आहे, त्यांना ती अपाय करतात. गरम पाण्याच्या पिशवीने कुशीला शेक दिल्यास खरोखर बरे वाटते. खालच्या भागातल्या, विशेषतः ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यासाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी दिली जाते, जी नळीचे स्नायू सैल करते. तिने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री जेवणानंतर घ्यावी आणि पहाटे अंथरुणावरून सावकाश उठावे.

पाण्याविषयी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही. पुढची वाट बंद असताना मागून लोंढा सोडल्यावर ताण वाढतो आणि उलटीही होते. त्या वेळी तहानेपुरते घोट घ्यावेत. कळ नसताना मात्र दिवसभर विभागून इतके पाणी प्यावे की लघवी फिकट राहील.

लघवी करताना गाळणी वापरावी. घरातली चहाची जुनी, बारीक जाळीची गाळणी यासाठी बाजूला काढावी आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही याची व्यवस्था करावी. आमच्या घरी तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला होता. खडा तिळाएवढा, खरखरीत, तपकिरी किंवा पिवळसर असतो आणि कमोडमध्ये पडला तर तो गेल्याचे कळतही नाही. गाळणीत तो सापडला तरच तो पडला असे म्हणता येते, नाहीतर तपासणीत तो नाहीसा झालेला दिसला पाहिजे. सापडलेला खडा धुऊन, सुकवून लहान डबीत ठेवावा. तो पुढे उपयोगी पडतो.

आता घरगुती उपायांविषयी, कारण खडा झाल्याचे कळताच शेजारीपाजारी पहिल्यांदा तेच सांगतात. हुलग्याचे माडगे पौष्टिक असते आणि त्यासोबत पोटात पाणीही जाते, तेव्हा ते खुशाल प्यावे. परंतु कॅल्शियमचा अडकलेला खडा त्याने विरघळतो असा भरवसा ठेवू नये. पानफुटीची पाने रोज उपाशीपोटी चावून खाण्याचा सल्ला मलाही मिळाला, आणि तीन आठवडे मी ती खाल्लीही. त्या वनस्पतीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती चरून जनावरांना विषबाधा होते, हे मला नंतर समजले. हृदयाची औषधे चालू असणाऱ्यांनी तिच्या वाटेलाही जाऊ नये. बिअरने खडा पडतो ही समजूत तर केवळ सोयीची आहे. या उपायांचे खरे नुकसान त्यांच्यात गेलेल्या आठवड्यांचे असते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र मुदत, गाळणी, सारे बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठावे. थंडी वाजून ताप येणे हे त्यांतले सर्वांत धोक्याचे लक्षण होय, कारण तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात उतरतात आणि माणूस काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो. अशा वेळी केवळ अँटिबायोटिकने भागत नाही. आतून स्टेंट, म्हणजे बारीक मऊ नळी, घालून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी आधी मोकळी करावी लागते, आणि खड्याचे नंतर पाहिले जाते. लघवी पूर्ण बंद होणे, पाणीही पोटात न ठरणे, इंजेक्शननेही कळ न थांबणे, एकच मूत्रपिंड असणे किंवा गरोदरपण, या परिस्थितींतही थांबू नये. चंदगडच्या बाजूच्या लोकांनी कोल्हापूरचाच हट्ट न धरता बेळगाव जवळ पडते हे लक्षात घ्यावे. तापाच्या रुग्णासाठी अंतर महत्त्वाचे आहे.

मुदत संपूनही खडा हलला नाही तर तो काढावा लागतो, आणि इथे घाबरण्यासारखे फार थोडे आहे. नळीच्या खालच्या भागातल्या खड्यासाठी लघवीच्या मार्गानेच बारीक दुर्बीण आत नेऊन लेझरने खडा फोडतात. अंगावर कुठेही काप येत नाही. बाहेरून ध्वनिलहरींचे आघात करून खडा फोडण्याची पद्धत, लिथोट्रिप्सी, मूत्रपिंडातल्या किंवा नळीच्या वरच्या भागातल्या मध्यम आकाराच्या आणि फार कठीण नसलेल्या खड्यांना लागू पडते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत. मूत्रपिंडातला खडा २ सेंटिमीटरहून मोठा असल्यास पाठीतून छोटे छिद्र पाडून तो काढतात. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी आणि रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेत असलेल्या इतर रुग्णालयांत आरोग्यमित्राच्या टेबलाशी ही चौकशी करता येते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा डीजे स्टेंट ठेवतात. दोन्ही टोकांना वेटोळे असलेली ही मऊ नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत राहते आणि सुजलेल्या नळीतून लघवी वाहती ठेवते. मला शस्त्रक्रियेपेक्षा तिचाच त्रास अधिक झाला. दर अर्ध्या तासाला लघवीची घाई होते, लघवी करताना कुशीत कळ उठते, मोटारसायकलवरून गंगावेशीपर्यंत जाऊन आलो तरी लघवीला लालसर रंग येतो. हा सर्व त्रास अपेक्षित आहे. ताप आणि रक्ताच्या गाठी अपेक्षित नाहीत. स्टेंट घातल्याची आणि काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवावी. तो विसरून महिनोन्महिने आत राहिला तर त्याच्यावरच क्षार चढतात, आणि मग तो काढण्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

डबीतला खडा, किंवा शस्त्रक्रियेत निघालेले तुकडे, पृथक्करणासाठी अवश्य द्यावेत, कारण पथ्य त्यावर ठरते. यूरिक आम्लाचा खडा निघाला तर लघवीची आम्लता कमी करणारे औषध पुढचे खडे टाळू शकते, आणि असा खडा मूत्रपिंडात असतानाच विरघळवताही येतो. बहुतेकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, आणि अशांना इथे दूध बंद करायला सांगितले जाते, जे चुकीचे आहे. जेवणासोबत घेतलेले दूध-दही आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, तेव्हा दूध कट्ट्यावरचा, म्हणजे ताजे दूध मिळते तिथला, पेला सोडण्याचे कारण नाही. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो हेही खरे नाही. पालक मात्र बेताने खावा. तांबड्या रश्श्याच्या तिखटाला उगाच दोष दिला जातो. दोष मिठाचा असतो, आणि मिसळीचा कट, पापड, लोणचे, खर्डा, फरसाण असे मिळून ते दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या पुष्कळ पुढे जाते. मटण रोज न खाता ताटात थोडे वाढून घ्यावे, लिंबू पिळलेले पाणी बिनसाखरेचे प्यावे, आणि एकूण पाणी इतके असावे की दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल. एकदा २४ तासांची लघवी लिटरच्या बाटलीने मोजून पाहिली तर आपण किती कमी पाणी पितो ते कळते. भट्टीवर पाळी असलेल्या दिवशी माझी १ लिटरही भरली नव्हती.