आहारातील वैविध्य वाढवून आतड्यांचे आरोग्य कसे सुधारावे

आतड्यांचे आरोग्य सुधारायचे ठरवले की बहुतेक लोक आधी एखादी गोळी, पूड किंवा पेय विकत आणतात. आपल्या रोजच्या जेवणात किती प्रकारच्या वनस्पती येतात, याची मोजदाद मात्र क्वचितच कोणी करतो. ती मोजदाद कशी करावी, तीत जे उणे दिसेल ते कोणत्या क्रमाने भरून काढावे आणि हे करताना पोटाला त्रास होऊ नये म्हणून काय सांभाळावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वैविध्य कशासाठी?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतांश मोठ्या आतड्यात राहतात. आपण खाल्लेल्या अन्नातील साखर, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यातच मोठ्या प्रमाणात शोषले जातात. तंतुमय पदार्थ पचवणारी विकरे (एन्झाइम) मात्र आपल्या शरीरात तयार होत नसल्यामुळे ते जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे.

आता कळीचा मुद्दा असा की ‘फायबर’, म्हणजेच तंतुमय पदार्थ, हा काही एकच पदार्थ नव्हे. कांदा आणि लसणात इन्युलिन असते, सफरचंदात आणि संत्र्यात पेक्टिन, ओट्स आणि बार्लीत बीटा-ग्लुकन, तर कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा. हे सगळे तोडण्याची क्षमता प्रत्येक जिवाणूत नसते. कोणाकडे एका रचनेची विकरे असतात, कोणाकडे दुसऱ्या. म्हणूनच एकाच प्रकारचा कोंडा किंवा एकाच प्रकारची फायबरची पूड रोज भरपूर घेतली, तरी तिच्यावर जगणाऱ्या थोड्याच जिवाणूंची सोय होते आणि बाकीचे उपाशीच राहतात. बद्धकोष्ठतेवर अशा पुडीचा उपयोग होतो, हे खरे. पण वैविध्याची जागा ती घेऊ शकत नाही.

या संदर्भात आठवड्याला ३० वनस्पतींचा आकडा वारंवार सांगितला जातो. तो आतड्यांतील जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’च्या (‘गट’ म्हणजे इंग्रजीत आतडे) २०१८ मधील निष्कर्षांतून आला आहे. आठवड्यात ३० पेक्षा अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांत, १० किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांच्या तुलनेत, जिवाणूंचे वैविध्य अधिक आढळले होते. तो अभ्यास निरीक्षणात्मक होता, म्हणजे लोक जे खात होते त्याची केवळ नोंद घेणारा. त्यावरून २९ वर थांबणाऱ्याचे नुकसान होते असे मुळीच ठरत नाही. आठ प्रकार खाणाऱ्याने पंधरापर्यंत मजल मारली, तर ते मला तिशीच्या हट्टापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

आधी मोजून पाहा

सात दिवस खाल्लेल्या प्रत्येक वनस्पतीचे नाव वहीत लिहावे. एक वनस्पती आठवड्यात कितीही वेळा खाल्ली, तरी ती एकदाच मोजावी. गव्हाचा पाव, गव्हाच्या शेवया आणि गव्हाचे बिस्किट मिळून एकच नोंद होते. टोमॅटोची चटणी आणि कच्चा टोमॅटो यांचेही तसेच. तेल, साखर आणि गाळलेला फळांचा रस धरू नये, कारण त्यांत तंतुमय भाग जवळजवळ उरलेलाच नसतो. मसाले आणि ताजी हिरवी पाने अगदी थोड्या प्रमाणात पोटात जातात, त्यामुळे अशा चार नोंदी मिळून एक धरणे मला रास्त वाटते. हा केवळ सोयीचा हिशेब आहे, शास्त्राचा नियम नव्हे.

आठवडा संपल्यावर पाहिले, तर ताटात पदार्थ पुष्कळ आणि वनस्पती मोजक्याच, असे चित्र बऱ्याच जणांना दिसते: गहू, तांदूळ, बटाटा, कांदा, टोमॅटो आणि आलटून पालटून येणाऱ्या दोन-तीन भाज्या. नोंदींची धान्ये, कडधान्ये व डाळी, भाज्या, फळे, सुका मेवा व बिया आणि मसाले अशी विभागणी केली की नेमके कोठे रिकामे आहे ते समजते. बहुधा कडधान्ये आणि बिया यांचे रकाने सर्वांत रिकामे निघतात, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

कडधान्ये आणि बिया

वैविध्य वाढवण्याचा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणजे मिश्रणे तयार ठेवणे. छोले, राजमा, चवळी आणि वाटाणा ही सर्व भिजवावी लागतात, म्हणून ती एका बरणीत एकत्र करावीत. मसूर, मुगाची डाळ आणि तुरीची डाळ लवकर शिजतात, म्हणून त्यांची बरणी वेगळी ठेवावी. दोन्ही एकत्र केल्या, तर डाळीचा लगदा होईपर्यंत राजमा कच्चाच राहतो. अशी सोय केली की स्वयंपाकाच्या वेळी नव्याने विचार करावा लागत नाही आणि एका वाटीत तीन-चार नोंदी पडतात.

भिजवण्याकडे लोक उरकून टाकण्याचे काम म्हणून पाहतात. वास्तविक पोटाला होणारा निम्मा त्रास येथेच टळतो. रात्री दाण्यांच्या तिप्पट पाणी घालून ठेवलेले पातेले सकाळी उघडले, तर दाणे जवळपास दुप्पट फुगलेले, पाणी गढूळ पिवळसर झालेले आणि कडेला बारीक बुडबुड्यांचा फेस जमलेला दिसतो. रॅफिनोज आणि स्टॅकिओज यांचा काही भाग या पाण्यात उतरलेला असतो. याच शर्करा आपल्याला पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर वायू निर्माण करतात. म्हणून ते पाणी फेकून द्यावे, दाणे दोनदा स्वच्छ धुवावेत आणि नव्या पाण्यात शिजवावेत. राजम्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे: त्याच्या कच्च्या दाण्यात लेक्टिन प्रकारचे एक विषारी प्रथिन असते आणि मंद आचेवर ते नष्ट होत नाही. त्यामुळे राजमा खळखळत्या पाण्यात अर्धा तास उकळून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा.

बियांचे काम सोपे आहे. तीळ, जवस, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया हलक्या भाजून एका डब्यात ठेवाव्यात आणि रोज एक चमचा कशावरही पेरावा. जवस मात्र कुटून घ्यावेत, कारण अख्खा दाणा चावला गेला नाही तर तो जसाच्या तसा बाहेर पडतो.

धान्ये, भाज्या, फळे

नेहमीचे धान्य बंद करण्याची गरज नाही. तांदळात मूठभर बार्ली मिसळावी, गव्हाच्या पिठात दुसरे एखादे पीठ मिसळावे, आठवड्यातून दोन दिवस ओट्स खावेत. भाजी घेताना नेहमीच्या यादीत दर आठवड्याला एकच नवे नाव वाढवावे. गोठवलेल्या भाज्या आणि डब्यातील कडधान्येही चालतात, मात्र डब्यातील खारे पाणी धुऊन टाकावे. सफरचंद, काकडी, गाजर यांची साल स्वच्छ धुऊन ठेवता आली तर ठेवावी. गडद रंगाची फळे आणि भाज्या, चहा, कॉफी व कोको यांत पॉलिफिनॉल नावाची वनस्पतिजन्य संयुगे असतात. त्यांचा मोठा भाग लहान आतड्यात शोषला न जाता पुढे जातो आणि जिवाणू त्यावर काम करतात.

शिजवून थंड केलेल्या बटाट्यात, भातात आणि पास्त्यात स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट रचनेत बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात आणि ब्युटिरेट तयार करणाऱ्या जिवाणूंना तो मानवतो. पुन्हा गरम केल्यावरही त्यातील बराचसा टिकतो. तथापि शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, कारण बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि कोमट भातात वाढतात. भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करावा.

आंबवलेले पदार्थ

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ३६ निरोगी प्रौढांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एका गटाला १० आठवडे आंबवलेले पदार्थ अधिक दिले होते आणि दुसऱ्याला तंतुमय पदार्थ अधिक दिले होते. पहिल्या गटात जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील १९ दाहकारक प्रथिनांचे प्रमाण घटले. दुसऱ्या गटात मात्र एवढ्या कालावधीत सरासरी वैविध्य वाढले नाही. गट लहान होते, त्यामुळे यावरून फायबर निरुपयोगी ठरवणे चुकीचे होईल. पण केवळ एकाच मार्गावर विसंबू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

दही, केफिर (दूध आंबवून केलेले पेय), मिठाच्या पाण्यात आंबवलेली कोबी हे पदार्थ जिवंत जिवाणूंसह खायचे असतील, तर ते आंबल्यानंतर तापवलेले नसावेत. आंबवलेल्या पिठाचा पाव पौष्टिक असला, तरी भट्टीत त्यातील जिवाणू मरतात. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या भाज्या तर आंबवलेल्या नसतातच. दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही थोड्या प्रमाणात चालते, कारण त्यातील दुग्धशर्करा जिवाणूंनी अंशतः संपवलेली असते. रोज अर्धी वाटी ही सुरुवात पुरेशी आहे. आंबवलेल्या भाज्यांतील मिठाकडे रक्तदाब असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे.

वेग सांभाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत. एक कप शिजवलेल्या मसुरात साधारण १५ ग्रॅम तंतू असतात, म्हणजे उत्साहाच्या भरात एकाच दिवशी मोठा वाडगा भरून खाल्ला तर सवय नसलेले पोट फुगणारच. बहुतेक लोक या टप्प्यावर ‘हे मला सोसत नाही’ असे म्हणून सगळेच सोडून देतात, आणि माझ्या मते फसलेल्या प्रयत्नांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. त्याऐवजी पाव वाटीने सुरुवात करावी, दर आठवड्याला थोडी वाढ करावी, अन्न सावकाश चावावे आणि पाणी वाढवावे; पाण्याशिवाय वाढलेले तंतू बद्धकोष्ठता वाढवू शकतात. दिवसभरात वीस वेळांपर्यंत वायू सरणे सामान्य मानले जाते. त्याहून अधिक त्रास झाला, तर आदल्या आठवड्याच्या प्रमाणावर परत यावे, शून्यावर नव्हे.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा आतड्याचा विकार) असलेल्यांना कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, सफरचंद यांनी खरोखरच त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेली लो-फॉडमॅप पद्धत आहे; फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आंबणाऱ्या शर्करा. तिच्यात २ ते ६ आठवडे काही पदार्थ वगळले जातात आणि नंतर एकेक करून पुन्हा सुरू केले जातात. वगळण्याच्या पहिल्याच टप्प्यावर वर्षानुवर्षे अडकून राहिल्यास आहार उलट अधिक तोकडा होतो, म्हणून ही पद्धत आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावी.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या दाहाचा आजार बळावलेला असताना, आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना किंवा आतडे कोठे अरुंद झालेले असताना तंतू वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियमचा विचार करावा लागतो. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण अचानक बदलू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी घरी आंबवलेले पदार्थ सल्ल्याशिवाय खाऊ नयेत.

फरक कसा ओळखावा

आहार बदलल्यावर आतड्यांतील जिवाणूंचे प्रमाण काही दिवसांतच बदलू लागते आणि जुना आहार सुरू केला की तितक्याच लवकर पूर्वपदावरही येते. म्हणून महिनाभराच्या मोहिमेपेक्षा कायम निभेल एवढाच बदल करावा. विष्ठेची तपासणी करून ‘गुण’ देणाऱ्या घरगुती चाचण्यांवर खर्च करण्याची शिफारस मी करणार नाही, कारण निरोगी जिवाणूसमूह नेमका कसा असतो याचा सर्वमान्य मापदंडच अद्याप ठरलेला नाही. त्यापेक्षा १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता अधिक उपयोगाचा आहे. त्यात शौचाचे सात प्रकार दिलेले असून तिसरा आणि चौथा प्रकार, म्हणजे सलग, मऊ आणि सहज बाहेर पडणारा, चांगला समजला जातो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा यांमधील कोणतीही वारंवारता सामान्य असू शकते. स्वतःच्या नेहमीच्या पद्धतीत झालेला बदल अधिक महत्त्वाचा असतो. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तातील लोह कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, किंवा काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतील बदल यांपैकी काहीही आढळल्यास आहारातील प्रयोगाने काय होते याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.