खंड्या आणि पाणकावळा : चोडणच्या खारफुटीत काय पाहाल

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरा, ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या. खंड्या आणि पाणकावळा दोघेही मासेखाऊ पक्षी, पण तऱ्हा निराळी.

छोटा खंड्या जेमतेम १७ सेंमीचा. फांदीवरून सूर मारतो, मासा फांदीवर आपटतो, मग डोक्याकडून गिळतो. म्हणून उडताना शोधू नका, पाण्यावर झुकलेल्या फांद्या न्याहाळा.

छोटा पाणकावळा अर्धा मीटरचा, पाण्याखाली पाठलाग करणारा. पिसं भिजतात म्हणून बुडी सहज लागते. नंतर पंख पसरून वाळवत बसतो, तेव्हा निवांत पाहा. पोहताना नुसती मान दिसली की तिरंदाजाशी (सापासारख्या लांब मानेच्या पाणपक्ष्याशी) गल्लत होतेच. चोच बघा: टोकाशी आकडा असेल तर पाणकावळा, सरळ भाल्यासारखी असेल तर तिरंदाज.